अट वाक्याच्या पोटात ठेवा: नव्या संशोधकांसाठी व्याख्यान, लेख आणि बाईट यांची तयारी

सकाळी सातला सरपंचांचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "मॅडम, पेपरात आलंय, आमच्या तालुक्याचं पाणी विषारी म्हणून. डेअरीवाला विचारतोय, दूध घ्यायचं का नाही."

मी पेपर उघडला. माझं नाव होतं, फोटो होता, मी बोललेली तीन वाक्यंही जशीच्या तशी होती. फक्त चौथं नव्हतं. आदल्या दिवशी एका चर्चासत्रात, जेवणाच्या रांगेत हातात ताट धरून मी पत्रकाराला सांगितलं होतं की तपासलेल्या बऱ्याच विहिरींत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. मग भात वाढून घेता घेता म्हणाले होते, "अर्थात, आम्ही मुद्दाम गोठ्याजवळच्या आणि उसातल्या विहिरीच निवडल्या होत्या." हे ते चौथं वाक्य. रात्री पानावर जागा कमी पडली, उपसंपादकाने शेवटची ओळ उडवली. तो रोज तेच करतो, तेच त्याचं काम आहे. सगळ्या बातमीचा जीव ज्या अटीत होता ती मीच शेपटाला बांधली होती.

त्यानंतर मी पुष्कळ बोलले, लिहिलं, दोन-चारदा कॅमेऱ्यासमोर घामाघूमही झाले. पीएचडी करणाऱ्यांना आणि नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांना उपयोगी पडेल ते इथे क्रमाने मांडते आहे. माझा विषय भूजल, म्हणून उदाहरणं विहिरींची आहेत. तुमचा विषय जनुकं असो वा शिलालेख, खटके त्याच जागी बसतात.

आधी हे जवळ ठेवा

एक फोल्डर करा, मोबाइलवरही ठेवा. पत्रकाराचा फोन येतो तेव्हा तुम्ही हमखास एसटीत असता.

- एक पोस्टकार्ड (कशासाठी, ते पहिल्या पायरीत)
- आकड्यांचा कागद: पाच-सहाच आकडे, प्रत्येकापुढे एकक, कितीपैकी किती, आणि कुठल्या महिन्यातले
- मराठीतला चार ओळींचा परिचय. आडनाव देवनागरीत कसं लिहायचं हे तुम्ही नाही सांगितलं तर दुसरं कोणीतरी ठरवतं
- दोन फोटो, एक तुमचा आणि एक कामाचा. कामाच्या फोटोत गावातली माणसं असतील तर त्यांना विचारलेलं असू द्या
- शोधनिबंधाची पीडीएफ आणि एक ओळ: समीक्षण झालं आहे की व्हायचं आहे
- संशोधनाला पैसे कोणी दिले, तेही एका ओळीत
- संस्थेच्या परवानगीचा ईमेल

१. पोस्टकार्डावर मावेल तेवढंच लिहा

डॉ. जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना म्हणायचे, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न विचारून पाठव, उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. मुलांना सहीही मिळायची आणि उत्तरही. मला त्यात भावतं ते पोस्टकार्ड. तेवढ्या जागेत एकच गोष्ट मावते.

तुमचं काम पोस्टकार्डावर लिहा. पद्धत नको, मागचं साहित्य नको, "महत्त्वपूर्ण योगदान" तर नकोच. तुम्हाला काय आढळलं आणि ते कुठे, कितपत लागू आहे, एवढंच लिहा. आणि अट वेगळ्या वाक्यात ठेवू नका. ती मुख्य वाक्याच्या पोटात घाला.

माझं तेव्हाचं वाक्य असं होतं: "तालुक्यातल्या बऱ्याच विहिरींत नायट्रेट जास्त आहे. अर्थात, आम्ही गोठ्याजवळच्या विहिरीच तपासल्या." आता मी म्हणते: "गोठ्याला किंवा उसाला लागून असलेल्या ज्या विहिरी आम्ही तपासल्या, त्यांतल्या बऱ्याच विहिरींचं पाणी पिण्याजोगं नाही."

इथे मराठी आपल्याला हात देते. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि "ज्या... त्या" जोडीने अट आपोआप पुढे जाते. अशा वाक्याचं शेपूट कापलं तर वाक्यच उरत नाही. इंग्रजीत शोधनिबंध लिहून लिहून आपल्याला निष्कर्ष आधी आणि "तथापि" नंतर अशी सवय लागते. ती शोधनिबंधात चालते, कारण तिथे कोणी कात्री घेऊन बसलेलं नसतं.

लिहून झालं की कात्री लावून बघा. शेवटचे पाच शब्द उडवा, मग पहिले पाच. उरलेला तुकडा खोटा असूनही वाचता येत असेल तर वाक्य पुन्हा बांधा. माझ्या विद्यार्थ्यांना ही कसरत आवडत नाही, पण मी ती करून घेतेच.

२. आकड्याखाली छेद लिहा

दर एप्रिलमध्ये हवामान खातं मोसमी पावसाचा अंदाज देतं आणि दर एप्रिलमध्ये मी चहाच्या टपरीवर ऐकते, "यंदा अठ्ठ्याण्णव टक्के पाऊस, म्हणजे झालंच की." ऐकणारा ते परीक्षेच्या गुणांसारखं घेतो, किंवा पाऊस पडण्याची शक्यता समजतो. खात्याचं म्हणणं असतं "दीर्घकालीन सरासरीच्या ९८ टक्के". ही सरासरी देशभराची, जून ते सप्टेंबरची, ८७ सेंटीमीटरची. ९६ ते १०४ टक्क्यांच्या मधलं सगळंच "सामान्य". त्यात तुमच्या तालुक्याबद्दल एक अक्षरही नसतं. "सरासरीच्या" हा एक शब्द गळला की अख्खा अर्थ फिरतो.

याहून महागात पडलेलं उदाहरण ब्रिटनचं. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुपटीने वाढतो. दुप्पट हे खरं होतं. पण ७,००० स्त्रियांमागे एकीला होता तो धोका दोघींना, अशी ती दुप्पट. छेद कोणी सांगितला नाही. घाबरून असंख्य जणींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी तिथे गर्भपातांची संख्या वाढली. म्हणून "इतके टक्के वाढ" म्हणण्याआधी "इतक्यांपैकी इतके" सांगायची सवय लावून घ्या.

एककांचाही घोळ असतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत ती १० मिलिग्रॅम. यावरून "आपली मर्यादा साडेचारपट ढिली" असं कोणी लिहिलं तर वाचायला किती छान वाटतं! प्रत्यक्षात दोन्ही जवळपास एकच आहेत. आपण अख्खं नायट्रेट मोजतो, ते त्यातला फक्त नायट्रोजन मोजतात. तुमच्या विषयातही असा एखादा खड्डा असेलच. आकड्यांच्या कागदावर तो लाल पेनाने लिहून ठेवा.

आणि भूजलवाल्यांनो, "पातळी वाढली" हे शब्द आजपासून बंद. आपण जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो. ते दोन मीटरने वाढलं म्हणजे पाणी दोन मीटर खाली गेलं. "पाणी वर आलं", "पाणी खोल गेलं" असंच म्हणा. शेतकरीही तसंच म्हणतो.

३. सभागृहातलं सादरीकरण

पंधरा मिनिटं दिली असतील तर बोलायला बाराच आहेत, तीन प्रश्नांना. शिवाय आधीचा वक्ता दोन मिनिटं खातो, अध्यक्ष तुमचा परिचय वाचताना एक मिनिट खातात. नऊ मिनिटांचं बांधा. मी मिनिटाला साधारण ११० शब्द बोलते. तुमचा वेग घड्याळ लावून मोजा, मनातल्या मनात वाचून नाही, उभं राहून मोठ्याने.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये "थ्री मिनिट थीसिस" ही स्पर्धा सुरू केली. अख्खा प्रबंध तीन मिनिटांत, एकच स्थिर स्लाइड, बाकी काही नाही. ती आता जगभर होते. स्पर्धेत उतरा वा उतरू नका, पण खोलीचं दार लावून एकदा तसं बोलून बघा. तीन मिनिटांत सांगता आलं नाही तर बारा मिनिटांत फक्त गोंधळ लांबतो.

स्लाइडवर एकच आलेख ठेवा. त्याच्या वर शीर्षक म्हणून "निष्कर्ष" लिहू नका, निष्कर्षच लिहा: "पावसाळ्यानंतर नायट्रेट वाढतं." मागच्या रांगेत बसून वाचता येतंय का ते आदल्या दिवशी बघा. लाल आणि हिरव्या रेषा शेजारीशेजारी नकोत, तो फरक न दिसणारी माणसं प्रत्येक सभागृहात असतात. सारणी शोधनिबंधातून उचलून चिकटवणं आणि मग "हे वाचता येणार नाही, पण" असं म्हणणं, हे मी प्रत्येक चर्चासत्रात ऐकते. वाचता येणार नाही हे ठाऊक होतं तर आणली कशाला?

मराठीत सादर करणार असाल तर फॉन्टची भानगड आधी मिटवा. तुमच्या लॅपटॉपवर सुरेख दिसणारी जोडाक्षरं आयोजकांच्या संगणकावर फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. युनिकोडच वापरा. "मुक्त" (Mukta) किंवा "नोटो सान्स देवनागरी" हे फॉन्ट फुकट मिळतात आणि लांबून नीट वाचता येतात. फॉन्ट फाइलमध्येच जोडून ठेवा. वर एक पीडीएफ पेनड्राइव्हवर आणि एक स्वतःला ईमेल. पीडीएफमध्ये अक्षरं फुटत नाहीत.

प्रश्नोत्तरांची भीती सगळ्यांना असते. उत्तर येत नसेल तर "हे आम्ही तपासलेलं नाही" एवढं म्हणून थांबा. त्यानंतर जे आपण बोलतो त्यातच फसतो. ज्येष्ठ प्राध्यापक उभे राहून प्रश्न न विचारता पाच मिनिटं स्वतःचंच काम सांगतात तेव्हा मान हलवावी, वहीत काहीतरी लिहावं, आणि शेवटी "आभारी आहे सर, चहाला बोलू" म्हणावं. याहून चांगला उपाय मला आजवर सापडलेला नाही.

४. ग्रामसभेत बोलताना

हे कोणत्याच कार्यशाळेत शिकवत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

ग्रामसभेत प्रोजेक्टर नेऊ नका. वीज असेलच असं नाही, आणि असली तरी अंधार करता येत नाही. वस्तू न्या. मी नायट्रेटच्या चाचणीपट्ट्या नेते. गावातल्याच दोन विहिरींचं पाणी दोन पेल्यांत घ्यायचं, पट्ट्या बुडवायच्या, मिनिटभर थांबायचं. एक पट्टी फिकट राहते, दुसरी गडद गुलाबी होते. त्या एका मिनिटात सभेत जी शांतता पसरते ती माझ्या कुठल्याही आलेखाने पसरलेली नाही. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ११ फेब्रुवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेच्या चौकशीत हेच केलं होतं. यानाच्या रॉकेटमधल्या रबरी कड्याचा तुकडा शिकंजात धरून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला आणि दाखवलं की थंडीत तो लगेच पूर्ववत होत नाही.

शब्द गावाचे घ्या. मी "जलधर" (पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर) म्हणते तेव्हा माना हलतात आणि कोणालाच कळलेलं नसतं. "मांजऱ्या" म्हटलं की म्हातारे पुढे सरकतात, कारण विहीर खोदताना तो खडक त्यांनी हाताने फोडलेला असतो. "मांजऱ्यात पाणी मुरतं, काळ्या पाषाणात मुरत नाही, मग शेणखतातलं जे उतरतं ते मांजऱ्यातूनच तुमच्या झऱ्याला लागतं." एवढं सांगितलं की पुढचं तेच मला समजावतात.

एक पथ्य पाळा. कोणाच्या विहिरीचं पाणी खराब निघालं हे सभेत नावानिशी सांगू नका. त्या माणसाला आधी घरी जाऊन सांगा. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हाला नमुने कोणी घेऊ देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

५. वर्तमानपत्रात किंवा मासिकात लेख

संपादकाला आधी सहा ओळींचा ईमेल करा: विषय काय, आत्ताच का, आणि तो तुम्हीच का लिहावा. पुरवणीच्या लेखाला साधारण आठशे ते हजार शब्द मिळतात. हजार सांगितले असतील तर अकराशे पाठवू नका, वरचे शंभर कुठून कापायचे ते मग तुम्ही ठरवत नाही. शेतीशी नातं असलेलं काम असेल तर "ॲग्रोवन"सारखं शेतीचं दैनिक किंवा कृषी मासिकं बघा. १९६६ पासून चालत आलेली मराठी विज्ञान परिषद ही संस्थाही स्वतःची पत्रिका काढते. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल उघडताच चिनी बाराखडी दिसते आणि लेख बाजूला पडतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो शब्दांवर. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर आहेत, आधी तिथे बघा. पण कोशात आहे म्हणून शब्द वापरलाच पाहिजे असं नाही. "पीएच"ला मराठी शब्द शोधत बसू नका, मातीपरीक्षण केलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला तो माहीत आहे.

खरा धोका कळणाऱ्या शब्दांचा असतो. न कळणारा शब्द वाचक विचारतो तरी. "लक्षणीय फरक" म्हणताना आपल्या मनात संख्याशास्त्रीय कसोटी असते, वाचकाला वाटतं मोठा फरक. फरक चिमूटभर असूनही कसोटीला उतरू शकतो. "त्रुटी" म्हटलं की वाचक म्हणतो, म्हणजे यांचं चुकलंय. तिथे "मोजमाप एवढ्यातेवढ्याने इकडेतिकडे होऊ शकतं" लिहा. "थिअरी" म्हणजे त्याच्या लेखी नुसता अंदाज. आणि "प्रमाण" हा तर बहुरूपी: मात्रा, गुणोत्तर, पुरावा, मानक, सगळं तोच. "नायट्रेटचं प्रमाण प्रमाणापेक्षा जास्त आहे" हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं, छापूनही आलं होतं.

पहिला परिच्छेद "आजच्या आधुनिक युगात" किंवा "पाणी म्हणजे जीवन" असा सुरू झाला असेल तर तो अख्खा काढा. लेख बहुतेक वेळा दुसऱ्या परिच्छेदातच सुरू झालेला असतो. मथळा तुमचा राहणार नाही हे धरून चाला. तीन मथळे सुचवून पाठवा, निदान दिशा कळते.

आकाशवाणीवर भाषण मिळालं तर संहिता नव्याने लिहा. कंस कानाला ऐकू येत नाही. "वर म्हटल्याप्रमाणे" ऐकणाऱ्याला वर जाता येत नाही. कागद एकाच बाजूला छापा, पिन मारू नका, नाहीतर पान उलटल्याची खरखर तुमच्यापेक्षा स्पष्ट ऐकू जाते.

६. परवानगी आणि योग्य वेळ

कंटाळवाणी पायरी, पण इथेच नोकरी अडकते.

शोधनिबंध नियतकालिकाने स्वीकारला असेल तर बातमी कधीपासून देता येईल ते विचारा. मोठी नियतकालिकं त्याला "एम्बार्गो" म्हणतात. "नेचर"ची वेळ लंडनच्या दुपारी चारची असते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. तोपर्यंत बहुतेक मराठी पानं भरत आलेली असतात. म्हणून पत्रकाराला मजकूर आधी द्यायचा, पण "अमुक वेळेनंतरच छापा" हे ईमेलमध्ये पहिल्याच ओळीत लिहून, आणि त्याचं "हो" आल्यावरच. पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत तोंड बंद. जाहीर बोलून बसलात तर नावीन्य गेलं.

सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत निव्वळ वैज्ञानिक किंवा साहित्यिक स्वरूपाच्या लेखनाला सहसा पूर्वपरवानगी लागत नाही. केंद्राच्या १९६४ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. पण सरकारी धोरणावर टीका ही वेगळी बाब, तिथे तीच सूट नाही. "विहिरीत नायट्रेट आहे" हे विज्ञान. "खात्याने काहीच केलं नाही" म्हटलंत की तुम्ही दुसऱ्या नियमात शिरलात. तुमच्या संस्थेचा नियम काय ते कुलसचिव कार्यालयाला ईमेलवर विचारा, तोंडी "काही हरकत नाही, बोला" यावर जाऊ नका. सहलेखकांनाही कळवा. मार्गदर्शकांना आपल्या कामाची बातमी पेपरातून कळली तर त्या महिन्यात कुठल्याही कागदावर सही मिळत नाही.

७. पत्रकाराचा फोन आला तर

लगेच उत्तर देऊ नका, टाळूही नका. म्हणा, "मी वीस मिनिटांत फोन करते." त्याआधी एवढं विचारून घ्या: बातमी कशाबद्दल, अजून कोणाशी बोललात, मजकूर किती वाजता द्यायचाय. आणि मग खरोखरच वीस मिनिटांत फोन करा. दुपारपर्यंत पत्रकाराकडे ऐकायला सवड असते, संध्याकाळी पाचनंतर त्याला फक्त वाक्य हवं असतं.

बातमी छापण्याआधी दाखवा, असं म्हणू नका. बहुतेक जण दाखवत नाहीत, आणि त्यांना तो अविश्वास वाटतो. त्याऐवजी म्हणा, "माझ्या तोंडचं वाक्य आणि आकडे तेवढे एकदा वाचून दाखवाल का?" याला नाही म्हणणारा पत्रकार मला क्वचितच भेटला. बोलून झालं की तीच वाक्यं, आकड्यांसकट, व्हॉट्सॲपवर पाठवा. घाईत असलेला माणूस ती उचलून तशीच टाकतो. तेच तर हवं असतं.

"हे आपल्यातच हं" असं काही नसतं. जे छापून यायला नको ते बोलूच नका, जेवणाच्या रांगेत तर मुळीच नाही.

८. कॅमेरा

बाईट, म्हणजे बातमीत दाखवतात तो तुमच्या बोलण्याचा तुकडा, पंधरा-वीस सेकंदांचा लागतो. तुम्ही दहा मिनिटं बोललात तर कुठले वीस सेकंद घ्यायचे ते दुसरंच कोणी ठरवतं. म्हणून पोस्टकार्डावरचं वाक्य बोला, थांबा, पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच, थोडं वेगळ्या शब्दांत. प्रश्न कापला जातो, म्हणून नुसतं "हो, बरोबर आहे" म्हणू नका, उत्तरातच विषय आला पाहिजे. बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, दिसला की त्यावरच्या बोधचिन्हाकडे नजर जाते, पण बघायचं समोर उभ्या माणसाकडे. विहिरीच्या काठावर चित्रीकरण असेल तर शेजारचा पंप आधी बंद करायला सांगा.

आणि पत्रकाराने तोंडात घातलेलं वाक्य स्वीकारू नका. इटलीतल्या लाक्विला शहराची गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. २००९ च्या सुरुवातीला तिथे महिनोन्महिने छोटे धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. मोठा भूकंप लवकर होण्याचा संभव कमी, पण तो पूर्णपणे नाकारता येत नाही, असा तिचा सूर होता. बैठकीच्या सुमारास नागरी संरक्षण खात्याच्या उपप्रमुखाने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की धोका नाही, उलट ऊर्जा बाहेर पडतेय हे चांगलंच. मुलाखतकाराने हसत विचारलं, मग निवांत वाइनचा पेला घ्यायचा का? त्याने हो म्हणून वाइनचं नावही सांगितलं. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला, तीनशेहून जास्त माणसं गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी अशा सात जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. शास्त्रज्ञ २०१४ मध्ये अपिलात सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली पण टिकली. "पण नाकारता येत नाही" एवढेच शब्द कॅमेऱ्यापर्यंत पोचले नव्हते.

"म्हणजे पाणी प्यायला हरकत नाही ना, मॅडम?" असं हसत विचारलं गेलं तर हसू नका. "ज्या विहिरी तपासल्या नाहीत त्यांच्याबद्दल मी सांगू शकत नाही. तपासून घ्या" एवढंच सांगा.

फोनो, म्हणजे थेट प्रक्षेपणात फोनवरून बोलणं, तयारी असेल तर घ्या. गाडीतून उतरा, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, टीव्हीचा आवाज बंद करा. संध्याकाळच्या आरडाओरड्याच्या चर्चेला मी जात नाही. सहा चौकटींत सहा जण एकदम बोलत असताना अट सांगायला जागाच नसते. कोणाला ते जमत असेल तर माझी ना नाही.

९. छापून आल्यावर

चूक दिसली तर आधी ती किती गंभीर आहे ते ठरवा. मथळा भडक आहे, ही तक्रार बातमीदाराकडे करू नका, मथळा त्याने दिलेला नसतो. पदनाम चुकलं तर सोडून द्या. पण आकडा, गावाचं नाव किंवा निष्कर्ष चुकला असेल तर त्याच दिवशी, सकाळीच, दोन ओळींचा ईमेल: "असं छापलं आहे. असं हवं होतं." भाषण नको, शोधनिबंध जोडू नका. ऑनलाइन आवृत्ती तासाभरात दुरुस्त होऊ शकते, आणि लोक पुढे पाठवत राहतात ती तीच.

माझ्या बाबतीत त्या दिवशी दुपारी खुलासा गेला, दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्या कोणी वाचल्या असतील असं वाटत नाही. मग गावात जाऊन, डेअरीच्या आवारात उभं राहून, पट्ट्या बुडवून दाखवाव्या लागल्या. तेव्हापासून बातमी येणार असेल तर आदल्या संध्याकाळी मी ज्यांच्या विहिरी, त्यांना फोन करते. पहिला फोन सरपंचांना. त्यांचा एकच प्रश्न असतो, "मॅडम, या खेपेला पूर्ण वाक्य छापणार ना?"